गोळी भिवराबाईची, बटण अमृतचं

ताडकळसच्या पंचक्रोशीत भिवराबाईला न ओळखणारा माणूस म्हणजे एक तर कालच बदली होऊन आलेला, नाहीतर ठार बहिरा. ओढ्याच्या अलीकडं उभं राहून तिनं "हुर्रर्र" केलं की पलीकडच्या शिवारातली मेंढी मान वर करायची. साठीला टेकलेली, अंगानं काटकुळी, कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू आणि तोंडाला कुणाची भीडभाड नाही. तलाठी असो का तहसीलदार, बाई सगळ्यांशी एकाच पट्टीत बोलायची. जन्म मेंढरामागं, लग्न मेंढरामागं, आणि पोरगा अमृत तर वाटेवरच, कापसाच्या रानात झाला. ते सांगताना ती म्हणायची, "त्या दिवशी दोन मेंढ्या बी व्याल्या. तिघींचं बी मीच बघितलं."

दिवाळी झाली की वाडीतले धनगर मेंढरं घेऊन निघतात. याला ते वाडा म्हणतात. दगडमातीचा वाडा नव्हे बरं. मेंढरं, घोडं, कुत्री, कोंबड्या, बायकामाणसं, सगळा चालता संसार म्हणजे वाडा. कापूस वेचून झालेल्या रानात मेंढरं बसवायची. शेतकऱ्याला खत, मेंढराला पाला, वाड्याला जोंधळा. असं रानोरान सरकत गंगाखेडावरून सोनपेठच्या अंगाला गोदावरीच्या काठाकाठानं जायचं आणि उन्हाळा सरता सरता माघारी यायचं. कोकरं ह्याच दिवसांत येतात, आणि अडलेली मेंढी सोडवावी तर भिवराबाईनंच. नवरा मल्हारी भला माणूस, पण रक्त दिसलं की आधी त्यालाच धरावं लागायचं.

तर अशा बाईला शुगर झाली. झाली म्हणजे काय, होतीच, कळली आता.

त्याच सुमारास एका संस्थेनं 'सोबती' नावाचा कारभार काढला होता. शुगर, बीपीच्या लोकांचं नाव मोबाइलात चढवायचं, गोळ्या गावच्या उपकेंद्रावर द्यायच्या, आणि रोज सकाळी पेशंटला फोन करायचा. फोनवर रेकॉर्ड केलेली एक बाई बोलायची. आवाज काय मधाळ! "नमस्कार, मी आपली सोबती बोलत आहे. आपण आजची गोळी घेतली असल्यास एक दाबा. घेतली नसल्यास दोन दाबा." एक दाबलं की उपकेंद्राच्या टॅबवर पेशंटच्या नावापुढं हिरवा ठिपका, दोन दाबलं की लाल. सगळं कसं बैजवार.

घोडं पेंड खायचं ते एकाच ठिकाणी. भिवराबाईच्या घरात फोन एक, आणि तो अमृतच्या खिशात. अमृत दोन लेकरांचा बाप, सगळा वाडा त्याच्या अंगावर. कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, कुठल्या विहिरीला पाणी हाय, हा सगळा व्यवहार आता फोनवर चालतो. त्यामुळं दिवस उजाडला की फोन मेंढरामागं रानात, आणि जिला शुगर ती बाई घरी. सोबतीची बाई रोज इमानानं फोन करायची, आणि रोज अमृतलाच विचारायची की बाबा, गोळी घेतलीस का?

एकदा त्यानं खरं बोलायचं म्हणून दोन दाबलं. झालं! त्या बाईनं असं लांबण लावलं, गोळीचे फायदे, न घेतल्याचे तोटे, पायाची निगा, डोळ्याची निगा, की हा कान लावून ऐकत बसला आणि इकडं मेंढरं शेजारच्या तुरीत घुसली. तुरीच्या मालकानं अमृतच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या दिवसापासून अमृतचा अंगठा सरळ एकवर जायचा. आईनं एकदा हटकलं तर म्हणाला, "आगं, ती एवढ्या अदबीनं इचारायलीय, सकाळच्या पारी तिला न्हाई कसं म्हनावं?"

आणि भिवराबाईचं काय? गोळी घेतली तर घेतली. उपाशीपोटी घेतली की गरगरायचं, आणि न्याहारी कधी व्हायची ती मेंढरांच्या मर्जीवर. न्याहारी लांबली की गोळी राहिली. दुपारी आठवण झाली तर गोळ्या घरी आणि बाई भाकरी पोचवायला शिवारात. पण टॅबवर मात्र भिवराबाईच्या नावापुढं महिनोन्‌महिने हिरवंगार पीक आलेलं.

भादव्यात तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काट्याचं तिला काय कवतिक? सुईनं काढला, हळद लावली, चालू पडली. पण जखम भरेना. टाच सुजली, पाऊल टेकलं की कळ मस्तकात जायची. शेवटी मल्हारीनं तिला गाडीवर मागं बसवून उपकेंद्रात आणलं.

तिथं राजेश्री सिस्टर होती. वयानं लहान, कामाला वाघीण, आणि भिवराबाईला उलट बोलू शकणारी सगळ्या तालुक्यातली एकुलती एक बाई. तिनं जखम धुतली, बोट टोचून मशीन लावलं आणि आकडा बघून तिथंच स्टुलावर बसली. मग टॅब उघडला. टॅबवर सगळं हिरवं.

"मावशी, तुम्ही रोज गोळी घेता?"

"रोज म्हनजे... बघ पोरी, देवाच्या मनात असलं तर."

"मग इथं रोज एक कोण दाबतंय?"

भिवराबाईनं मल्हारीकडं बघितलं, मल्हारीनं छताकडं. सिस्टरनं पाच मिनिटांत सगळं वदवून घेतलं आणि मग अशी कडाडली, की बाहेर लसीसाठी आलेली लेकरं रडायची थांबली. "पाय जाईल मावशी! कापावा लागेल! यंदा वाड्याबरोबर जायचं नाव काढू नका. इथून हललात की गोळ्या बंद, तपासणी बंद. सोबतीच्या गोळ्या फक्त याच उपकेंद्रावर मिळतात. यंदा घरी बसायचं."

घरी बसायचं! हे ऐकून भिवराबाईचं तोंड जे मिटलं ते घरी येईपर्यंत उघडलं नाही. मल्हारी घाबरला. ही बाई शिव्या देत होती तोवर त्याला काळजी नव्हती. संध्याकाळी चुलीपुढं बसून ती एवढंच म्हणाली, "अमृतचे बाबा, पाय गेला तर मी वाड्यासंगं जाऊ शकत न्हाई. आन् पाय ऱ्हावा म्हनून वाड्यासंगं जायचं न्हाई. मग पाय ठिवून मी करू काय, त्याचं लोणचं घालू?" आणि पदर तोंडाला लावून रडली. लग्नापासून एकही हंगाम तिनं वाडा सोडला नव्हता. रानाबिगर ती सुकून जाईल हे मल्हारीला कळत होतं. पण तो बिचारा काय करणार? त्यानं भाकरी तिच्यापुढं सरकवली.

आणि गंमत बघा. त्याच आठवड्यात सोबतीच्या हापिसातून निरोप आला, की जिल्ह्यातल्या आदर्श रुग्ण म्हणून भिवराबाई मल्हारी यांची निवड झालेली आहे, परभणीच्या मेळाव्यात त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल. एकही दिवस न चुकता गोळी घेणारी अशी पेशंट सगळ्या जिल्ह्यात दुसरी नव्हती म्हणे!

भिवराबाई हसली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. राजेश्री सिस्टर मात्र हसली नाही. तिच्या उपकेंद्राचं नावसुद्धा त्या हिरव्या ठिपक्यांवरच वर गेलेलं होतं. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही जा. आणि खरं सांगा."

"आन् तुझी इज्जत गं?"

"जाऊ दे. तुमचा पाय जाण्यापेक्षा माझी इज्जत गेलेली बरी."

तेव्हा भिवराबाईनं त्या पोरीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली.

परभणीचा मेळावा म्हणजे मोठा थाट. हॉल, पंखे, बॅनर, समोरच्या रांगेत इस्त्रीचे लोक आणि मागं पेशंट. सोबतीचा सगळा मोबाइलचा कारभार ज्यानं बांधला तो महारुद्र नावाचा गडी स्टेजवर होता. मूळचा सेलूचा, आता पुण्यात. चष्मा, दाढी, आणि बोलायला मऊ. त्यानं पडद्यावर हिरवे ठिपके दाखवले, टाळ्या झाल्या, आणि भिवराबाईचं नाव पुकारलं. ती लंगडत वर गेली. महारुद्रनं शाल उलगडली आणि तिच्या खांद्यावर घालणार, तेवढ्यात बाईनं हात आडवा घातला.

"ही शाल अमृतला द्या."

"अमृत कोण?"

"माझा पोरगा. एक त्यानं दाबलंय. मी तर तुमची ती बाई अजून ऐकली बी न्हाई."

समोरच्या रांगेतल्या कुणीतरी माइक बंद करायची खूण केली. आता भिवराबाईला माइकाची काय गरज? तिनं सगळं सांगितलं. एकच फोन, तुरीत घुसलेली मेंढरं, उपाशीपोटीची गरगर, काटा. टाच वर करून पट्टीसुद्धा दाखवली. "हे बघा तुमचं हिरवं! फोन मेंढरामागं, शुगर घरात. उंटावरून शेळ्या हाकायलात तुमी. मला शेळ्यामेंढ्यातलं कळतंय, म्हनून सांगायले."

तेवढ्यात मागून एक दणकट म्हातारा उठला. दिनकरराव, सेलूकडचे मोठे कास्तकार, पांढरंशुभ्र धोतर. "आता बाईनं सांगितलंच हाय, तर माझं बी ऐका. माझा फोन मुनिमाजवळ असतो. शुगर मला, बटण मुनीम दाबतो. त्याला शुगर न्हाई." हॉल फसकन हसला. मग एकेक हात वर यायला लागला. कुणाची नात दाबायची, कुणाची सून. एक जण म्हणाला, मी आपला सवयीनं दाबतो, ऐकतच नाही. हसता हसता लोकांच्या मनावरचं ओझंच उतरलं, कारण प्रत्येकाला वाटत होतं की खोटं आपण एकटेच बोलतोय.

महारुद्रचं तोंड उतरलं होतं. एवढ्या मेहनतीनं उभं केलेलं असं सगळ्यांसमोर कोसळताना बघून कुणाचं उतरणार नाही? पण गडी जातिवंत निघाला. त्यानं पडदा बंद केला, स्टेजवरची खुर्ची उचलून खाली पेशंटांच्या मधोमध मांडली आणि त्यात बसला. "मावशी, माझं चुकलं. मी तुमच्याकडं बघून बांधायला पाहिजे होतं. आता तुम्ही सांगा, कसं करायचं?"

भिवराबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आमाला इचारून करणार, का करून इचारणार?"

"विचारून. आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय एक बटणसुद्धा मोबाइलात जाणार नाही."

"इस्त्रीवाल्यांच्या म्होरं बोललास बरं का. मागं फिरू नको."

तो फिरला नाही. दिनकरराव, भिवराबाई आणि आणखी चार-सहा पेशंट दर आठवड्याला बसायचे. कधी सेलूला, कधी परभणीला, तर कधी ताडकळसच्या चहाच्या हॉटेलात. शाल मात्र बाईनं खरंच अमृतच्या अंगावर टाकली आणि वर एक चापट मारली.

आता असं वाटेल की भिवराबाईनं तोंड उघडलं आणि सगळं बरोबर झालं. छे! पी हळद आणि हो गोरी असं कुठं असतं का? पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, "मला दिवाळीच्या अगुदर सगळ्या हंगामाच्या गोळ्या एकदम बांधून द्या, मी चालले." दिनकरराव ताडकन बोलले, "न्हाई बाई, तसं चालत न्हाई." दोघांची अशी जुंपली की हॉटेलवाला चहा घेऊन दारातच उभा राहिला. शेवटी दिनकररावांचा आवाज खाली आला. त्यांच्या धाकट्या भावानं असंच केलं होतं. ढीगभर गोळ्या आणून ठेवल्या, तपासायला कुणी नाही, मात्रा वाढवायची होती ते कळलंच नाही, आणि एक दिवस माणूस बसल्या जागी गेला. "चुकलं मालक," भिवराबाई म्हणाली. तिचं चुकलं म्हणालेलं मल्हारीनं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

दिनकररावांचं रडगाणं वेगळंच. त्यांची शुगर सोबतीवरून सुनेच्या मोबाइलवर दिसायची. "चहात साखर मागायची सोय ऱ्हायली न्हाई घरात! माझी शुगर कुणी बघावी हे मी ठरवणार." महारुद्रला आधी वाटलं, म्हातारा साखरेसाठीच भांडतोय. भिवराबाई म्हणाली, "भांडू दे की. आंग त्याचं हाय." मग ठरलं, ज्याची माहिती त्याच्या परवानगीनं. दिनकररावांनी सुनेची परवानगी काढून घेतली आणि पुढच्या बैठकीत मुकाट्यानं परत दिली, कारण सुनेनं चहाच बंद केला होता.

पण भिवराबाईची गाठ सुटत नव्हती. वाडा रोज जागा बदलणार, तिला गोळ्या द्यायच्या कुठं आणि तपासायचं कुठं? महारुद्र नकाशे काढायचा, फोनवरून माणूस कुठं आहे ते शोधायच्या गोष्टी करायचा. बाईनं एक दिवस त्याला मेंढरामागंच नेलं. गडी पुण्याच्या चपला घालून आलेला. दुपारपर्यंत चपलेचा अंगठा तुटला आणि पायाला फोड आले. भिवराबाईनं त्याला बांधाला बसवून भाकरी-ठेचा खाऊ घातला. खाता खाता त्यानं विचारलं, "मावशी, वाड्यात मीठमिरची संपली की काय करता?"

"बाजाराला जातो. वाडा कुठं बी असू दे, जवळचा बाजार चुकत न्हाई. आमचा माणूस हुडकायचा असला तर बाजारात हुडकावा. सोयरीक बी तिथंच जमती, मयताचा निरोप बी तिथंच मिळतो."

महारुद्रचा घास हातातच राहिला. "मग गोळ्या बाजारातच का नको?"

"तेच तर! मी मगापासून काय सांगायले?" बाई म्हणाली. खरं म्हणजे तिनं तसं काही सांगितलं नव्हतं, पण ते तिलाही आता तिचंच वाटत होतं, आणि त्याची महारुद्रला काही तक्रार नव्हती.

ताडकळसच्या बाजारात पहिलं टेबल लागलं. बोट टोचायचं मशीन, गोळ्या, टॅब, राजेश्री सिस्टर जातीनं हजर. भिवराबाई ऐटीत पुढं झाली. सिस्टरनं तिचं नाव टाकलं आणि टॅब म्हणाला, मोबाइलवर आलेला नंबर सांगा.

"मोबाइल कुठाय, मावशी?"

"मेंढरामागं!"

भोवतीची गर्दी खदखदून हसली. महारुद्र कपाळावर हात मारून खाली बसला. इतक्या बैठका झाल्या आणि शेवटी गाडी पुन्हा अमृतच्या खिशापाशीच अडली. नंबर आल्याशिवाय माहिती उघडत नव्हती, आणि माहिती उघडल्याशिवाय गोळी देता येत नव्हती. दिवाळी तर तोंडावर आलेली.

भिवराबाई संतापली. "मेंढरू दुसऱ्याच्या वाड्यात मिसळलं तर आमी काय त्याला फोन करून इचारतो का, बाबा तू कुनाचा? कानाला खूण असती. खूण बघितली की कुनी बी सांगतंय, ही मल्हारीची मेंढी. तशी खूण करा की मला!"

गर्दी पुन्हा हसली, पण महारुद्र उठून उभा राहिला. "कान नको कापायला," तो म्हणाला, "पण खूण करता येईल."

त्यानं एक जाड कार्ड केलं. त्यावर ठिपक्याठिपक्यांचा चौकोन, पानटपरीवर पैसे द्यायला असतो तसा, आणि बाईचा फोटो. टॅबसमोर कार्ड धरलं, चेहरा जुळला की माहिती उघडायची. फोन नको, नंबर नको, रेंज नसली तरी चालेल. पहिलं कार्ड घामानं दोन दिवसांत विरघळलं. दुसऱ्याला प्लास्टिक चढवलं, तर ते उन्हात चमकून टॅबला दिसेना. तिसरं भिवराबाईनं पाण्यात बुचकळलं, राखेत लोळवलं, कोकराच्या तोंडाला दिलं, आणि मगच पास केलं. वाड्याच्या वाटेवरच्या बाजारांतही टेबलं ठरली, आणि रोजचा फोन वाड्यावरच्या लोकांसाठी बंद झाला. आणि गोळीची वेळ न्याहारीच्या भाकरीला बांधली: भाकरी पुढं आली की गोळी. तीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. मग बाईची गरगर थांबली, जखम भरायला लागली, टाच जमिनीवर टेकली.

पण राजेश्री सिस्टरनं आपला हट्ट सोडला नव्हता. दिवाळीनंतर वाडा निघाला त्या सकाळी ती वाडीत आली आणि सगळ्यांसमोर भिवराबाईला बजावलं, "वाटेतल्या बाजारात तपासायचंच. पण माझा शेवटचा हिशेब सोनपेठला. तिथं आकडा वाढलेला निघाला, किंवा टेबलावर तुमची माहिती उघडली नाही, तर त्याच दिवशी एसटीनं माघारी यायचं. कबूल?"

"कबूल." भिवराबाई म्हणाली खरी, पण घोड्यावर बोजा बांधताना तिनं एकच गाठ तीनदा सोडून आवळली. घोड्यावर एका बाजूला पत्र्याच्या डब्यात गोळ्या होत्या, आणि त्या डब्याला हात लावायची अमृतला बंदी होती.

सोनपेठच्या बाजाराचा दिवस उजाडला. वाडा गावाबाहेर एका कापसाच्या रानात बसलेला. भिवराबाई सकाळी न्याहारी करून, गोळी घेऊन मल्हारीबरोबर निघाली. मल्हारी मनातल्या मनात बिरोबाला नवस बोलत होता. बाजारात मिरचीवाल्यांच्या ओळीच्या शेवटाला सोबतीचं टेबल होतं. टेबलावर दीपिका नावाची नवीन पोरगी, पहिलाच आठवडा.

"आजी, मोबाइलवर नंबर आला असेल, तो सांगा."

मल्हारी एसटी स्टँड कुणीकडं ते बघायला लागला. भिवराबाईनं मात्र पदराची गाठ सोडली आणि कार्ड टेबलावर ठेवलं. "नंबर न्हाई. ही बघ खूण. आन् हे माझं तोंड. लाव तुझं मशीन."

दीपिकानं गडबडून टॅब कार्डासमोर धरला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पडद्यावर भिवराबाई उमटली, नाव, गाव, औषधं, ताडकळसची तपासणी, गंगाखेडची तपासणी, सगळं. वीस कोसांवरची बाई त्या परक्या बाजारात ओळखू आली. भिवराबाईनं बोट पुढं केलं. मल्हारीनं लगेच तोंड फिरवलं आणि चार पावलं लांब मिरच्यांकडं बघत उभा राहिला. मशीन टिक् झालं.

"किती गं?" बाईचा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक आला, की शेजारच्या मिरचीवालीनं वळून बघितलं.

दीपिकानं आकडा वाचला आणि हसली. "आजी, एकदम छान आहे. जसा पाहिजे तसा."

"पुन्ना वाच."

तिनं पुन्हा वाचला. मग पाय बघितला. टाच कोरडी, जखमेचा नुसता वण. तेवढ्यात दीपिकाच्याच फोनवर राजेश्री सिस्टरचा फोन आला. ताडकळसला बसून तिला तो आकडा तेव्हाच दिसला होता. तिनं फोन भिवराबाईच्या कानाला लावायला सांगितला. "मावशी, जा," सिस्टर म्हणाली. "खुशाल जा पुढं गोदाकाठानं."

भिवराबाई भर बाजारात मटकन खाली बसली आणि हमसाहमशी रडली. मल्हारीनं घाबरून विचारलं, "काय झालं? वाढली का?" तिनं त्याचा हात धरून मान हलवली, तेव्हा तो म्हाताराही डोळे पुसायला लागला. मिरचीवालीनं दोघांना पाणी दिलं.

तोवर इकडं टेबलापाशी दोन-तीन वाड्यांवरच्या धनगर बायका गोळा झाल्या होत्या. बाजाराला आलेल्या, हातात तेलाच्या बाटल्या, आणि टॅबकडं संशयानं बघणाऱ्या. एक म्हणाली, "हे सरकारी लचांड आपल्याला न्हाई झेपायचं बाई. चला." आणि त्या वळल्या.

भिवराबाई तशीच उठली. डोळे पदरानं पुसले, कार्ड हातात उंच धरलं आणि त्या सगळ्या सोनपेठच्या बाजाराला ऐकू जाईल अशी गरजली, "ए बायांनो, कुठं निघालात? या इकडं. भिऊ नका, परक्याचं न्हाई हे. आपुन केलंय!"

बायका थबकल्या, एकमेकींकडं बघितलं, आणि मागं फिरल्या. दीपिकानं नवीन कार्डांचा गठ्ठा पुढं ओढला.